रमाबाईंचे बायबल आणि आशेचे स्वरूप

पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तनिष्ठेची चर्चा बहुधा १८८३ च्या धर्मांतरापाशीच थांबते. तिची खरी कसोटी मात्र पुढे लागली. दुष्काळातच मातापिता गमावलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आश्रय दिला. केडगावी मुक्तिसदनातील स्त्रियांनी खिळे जुळवण्याचे काम हाती घेतले. सामान्य स्त्रियांना उमजावे, यासाठी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी हे कार्य खंडित झाले नाही. १९२२ मध्ये रमाबाईंचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःचे दुःख न विसरता इतर दुःखितांसाठी कष्टत राहणे, हेच या आशेचे स्वरूप होय. म्हणूनच या भाषांतराला मिशनच्या इतिहासाइतकेच मराठी गद्याच्या इतिहासातही स्थान मिळणे अगत्याचे आहे.