दांडा कुणाच्या हाताचा?

लातूरच्या गंजगोलाईत खुरपं घ्यायला आलेला शेतकरी आधी काय बघतो? मूठ! हातात धरून, दोनदा फिरवून बघतो. गावचा सुतारसुद्धा कुदळीला दांडा बसवताना गिऱ्हाईकाच्या उंचीवर नजर टाकतो. आणि आपण भावी इंजिनिअर? सर्किट चाललं की प्रोजेक्ट संपला!

आमच्या ग्रुपने मेटल डिटेक्टर बनवला. टेबलावर नाणं सापडलं, मार्कही मिळाले. मग हौसेने तो होस्टेलमागच्या मैदानात नेला. वीस मिनिटांत मनगट भरून आलं. हात दमला की कॉईल जमिनीपासून वर उचलली जाते, आणि अंतर वाढलं की छोट्या वस्तूचा सिग्नल झपाट्याने घटतो. म्हणजे यंत्र चालू, पण तपासणी बंद!

प्रश्न फक्त आपल्या मार्कांचा नाही. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडमध्ये लाखो भाविक आले होते. अशा सोहळ्यांआधी मैदानं, रस्ते तपासणाऱ्या जवानाला असलं यंत्र बराच वेळ झुलवावं लागतं. त्याचा दुखरा हात म्हणजे सुरक्षेतली फटच की!

उपाय महागही नाही. समजा ६०० ग्रॅमची कॉईल मुठीच्या ८० सेंमी पुढे आहे आणि ५०० ग्रॅमचा बॅटरी-डबा २० सेंमी पुढे. मुठीवरचा मोमेंट झाला साधारण ५.७ न्यूटन-मीटर. तोच डबा कोपराखाली, मुठीच्या ३० सेंमी मागे बांधा. मोमेंट ३.२ वर येतो! वजन एक ग्रॅमही कमी न करता. कोपराला आधार द्या, उंचीप्रमाणे लांबी बदलायला दांड्याला भोकं पाडा. वायर घट्ट गुंडाळा, नाहीतर ती हलून खोटे आवाज येतील. कॉईलजवळचा दांडा मात्र पीव्हीसीचाच हवा. तिथे लोखंड लावलं तर यंत्र स्वतःलाच शोधत बसेल!

कुणी म्हणेल, "ही सुताराची कामं, यात कसलं इंजिनिअरिंग?" अहो, मोमेंट आपण फर्स्ट इयरलाच शिकलो. पेपरात सोडवला आणि तिथेच सोडून दिला.

म्हणून सर-मॅडमना एक विनंती. पुढच्या व्हायव्हाला "आउटपुट दाखव" म्हणायच्या आधी एवढंच विचारा, "अर्धा तास हातात धरून बघितलंस का?" उत्तर देताना आमची बोबडी वळेल खरी. पण पुढच्या बॅचचा प्रोजेक्ट कपाटात धूळ खात पडणार नाही, कुणाच्या तरी हातात शोभेल!