महापौर निवडताना

महापालिकेची निवडणूक जवळ आली की घरोघरी एकच चर्चा रंगते : यंदा महापौर कोण? या चर्चेत हमखास विसरले जाते, की महाराष्ट्रातील महानगरपालिकांत महापौर आपण निवडत नाही. आपण नगरसेवक निवडतो आणि ते आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. शिवाय प्रशासनाची सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती असतात. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो. तेव्हा उत्तम महापौर हवा असेल, तर पारख आपल्या प्रभागातच करावी लागते.

ती कशी करावी? आपल्या घरातील आजी बाहेर पडण्याआधी पाणी पिण्याचे टाळतात का, एवढेच आधी पाहा. वाटेत स्वच्छतागृह नसते, असले तर कुलूपबंद, उघडे असले तर उकिडवे बसावे लागणारे आणि धरायला दांडा नाही. म्हणून आजी तहान मारतात. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, उन्हाळ्यात भोवळ. पुढे त्या बाहेर जाणेच सोडतात. औषधाच्या चिठ्ठीवर या दुखण्याचे मूळ लिहिलेले नसते. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात असते.

पदपथाचेही तसेच. उखडलेल्या फरशीत पाऊल अडखळले आणि खुब्याचे हाड मोडले, की अनेक वृद्ध पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. गंमत अशी, की हात जोडून मत मागणाऱ्या उमेदवाराचा फलक बहुधा त्याच पदपथाची वाट अडवून उभा असतो.

उमेदवार दारी आला, की त्याला पक्षाविषयी विचारू नये. ते तो न विचारता सांगतोच. प्रभागातील दवाखाना किती वाजता उघडतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या तेथे नियमित मिळतात का, हे विचारावे. उत्तर देताना तो कार्यकर्त्याच्या तोंडाकडे पाहू लागला, तर काय ते समजावे. आधी निवडून आलेला असेल, तर सभागृहात त्याने कोणते प्रश्न मांडले आणि प्रभागाचा निधी कशावर खर्च केला, तेही विचारावे. प्रवेशद्वाराच्या कमानी पुष्कळ झाल्या. बसायला बाक किती झाले? उमेदवाराचे शपथपत्र घरातील तरुणांकडून वाचून घ्यावे. त्यात मालमत्ता व दाखल गुन्हे नमूद असतात.

काळजीवाहकांनी एक गोष्ट आदल्या दिवशीच समजावून द्यावी. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. इतर शहरांत बहुसदस्यीय प्रभाग असतात. चार जागा असतील तर अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचे असते. पहिले बटण दाबून काम झाले असे वाटून वृद्ध मंडळी वळतात. घाई नको, मागे रांग असली तरीही. दृष्टी वा हात साथ देत नसतील, तर सोबत्याची मदत घेण्याविषयी केंद्राध्यक्षांना आधीच सांगावे.