कर्ज फिटले; दस्त कुठे आहे?

माझ्या थोरल्या बंधूंनी चेन्नईतील सदनिकेचे गृहकर्ज ऑगस्ट 2023 मध्ये मुदतीआधीच फेडले आणि त्यानंतर तीन महिन्यांत त्यांचे निधन झाले. वहिनींना घर विकून कन्येकडे कोइमतूरला जायचे होते. मूळ खरेदीखत मागायला त्या कर्ज देणाऱ्या संस्थेत गेल्या, तेव्हा ‘कागद मध्यवर्ती भांडारात आहेत, मागवून घेतो’ असे उत्तर मिळाले. चार महिन्यांनी त्याचे रूपांतर ‘आढळून येत नाहीत’ या उत्तरात झाले. सेवेत असताना मी हा शेरा असंख्य नस्त्यांवर वाचला आहे, एकदोनदा लिहिलाही आहे. या वाक्यरचनेत हरवणारा कर्ताच नसतो, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

संस्थेचा पुढचा सल्ला अधिक चमत्कारिक होता: वहिनींनीच पोलिसांत तक्रार द्यावी. कागद कुठे, केव्हा हरवले, असे ठाणे अंमलदाराने विचारले, तर त्यांनी काय सांगावे? वर्षानुवर्षे ते त्यांच्या ताब्यातच नव्हते. जो दस्त आपल्या हातून गहाळ झालेला नाही, तो आपण हरवला असे प्रतिज्ञापत्र कर्जदाराने कदापि करू नये. त्या एका सहीने जबाबदारीचा सारा भार इकडून तिकडे सरकतो. आधी संस्थेच्या अधिकृत पत्रावर लेखी कबुली घ्यावी: कोणकोणते कागद, कोणत्या तारखेला जमा झाले आणि आता ते सापडत नाहीत. कर्ज घेताना दिलेली कागदपत्रांची यादी व पोच इथे निर्णायक ठरते, आणि नेमकी तीच आपण जपत नाही. पोलिसांतील तक्रार संस्थेच्या नावाने व्हावी, वृत्तपत्रांतील जाहीर सूचना तिच्या खर्चाने.

ही जाहीर सूचना निव्वळ उपचार नव्हे. मूळ दस्त धनकोच्या हाती ठेवून कर्ज उभारण्याची पद्धत 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या व्यापारी शहरांपुरती मान्य केली. पुढे अधिसूचनांनी ती देशभर पसरली. कागद हेच तारण असल्यामुळे हरवलेला कागद तिसऱ्याच्या हाती पडून त्यावर पुन्हा कर्ज उचलले जाण्याचे भय खरे आहे. 2011 पासून कार्यरत असलेल्या ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत तारणांची नोंद होते. आपले कर्ज फिटल्याची नोंद तिथे झाली का, तेही पाहून घ्यावे.

रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाने या बाबतीत मोठे पाऊल उचलले. संपूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे. संस्थेच्या दोषाने विलंब झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई. कागद गहाळ वा खराब झाले असतील, तर प्रमाणित प्रती मिळवण्यास साहाय्य करून खर्च संस्थेनेच सोसायचा. त्यासाठी आणखी 30 दिवसांची सवलत आहे. म्हणजे भरपाईची मोजणी 60 दिवसांनंतर सुरू होते. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांना कागद देण्याची कार्यपद्धती ठरवून ती संकेतस्थळावर मांडण्याचेही बंधन आहे. मात्र हे सारे 1 डिसेंबर 2023 पासून देय होणाऱ्या कागदांना लागू. बंधूंनी कर्ज काही महिने आधी फेडण्याची तत्परता दाखवली, तीच वहिनींना नडली.

तरीही त्या निराधार नव्हत्या. कर्ज फिटताच मालमत्तेचे कागद परत देण्याचे बंधन 1882 च्या त्याच कायद्याच्या कलम 60 मध्ये आहे. संस्थेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, ग्राहक आयोगही आहे. बेंगळुरूच्या एका कर्जदाराचे कागद बँकेने हैदराबादला पाठवताना वाटेत गहाळ झाले. लोकपालाने भरपाई दिली 25,000 रुपये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2023 मध्ये त्याच प्रकरणी 25 लाख रुपये देण्याचा आणि बँकेने क्षतिपूर्ती बंधपत्र करून देण्याचा आदेश दिला. या दोन आकड्यांमधील अंतर बोलके आहे. पहिला कागदाची किंमत मोजतो, दुसरा कागदाविना घराची घटलेली किंमत.

नोंदणीकृत दस्त हरवला तरी मालकी हरवत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 57 अन्वये दुय्यम निबंधकाकडून मिळणारी प्रमाणित प्रत मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून ग्राह्य असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या जुन्या नक्कलवह्यांविषयी आदर आहे. वासाहतिक राजवटीने महसुलासाठी आणि खटल्यांसाठी उभारलेली ही व्यवस्था आज सामान्य गृहस्थाचा आधार बनली आहे. खरी विपदा अनोंदणीकृत कागदांची. दिल्लीत वर्षानुवर्षे मुखत्यारपत्र आणि साध्या करारावर घरे हस्तांतरित झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये अशा व्यवहारांनी मालकी मिळत नाही असे बजावले. त्या कागदांची नक्कल कुठल्याच कार्यालयात नसेल, तर मूळ प्रत गेली की सारेच गेले.

तमिळनाडूत वहिनींपुढे आणखी एक भिंत होती. तेथील नोंदणी नियम 55-अ पुढील विक्रीच्या नोंदणीसाठी आधीचा मूळ दस्त मागे, अन्यथा तो सापडत नसल्याचा पोलिसांचा दाखला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये या नियमाचा मुख्य भाग मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. बनावट विक्री रोखण्याचा त्यामागील हेतू मला मान्य आहे. पण ज्याने तारणापोटी दस्त दिला, त्यालाच संशयित ठरवणारी तरतूद हेतूने शुद्ध होत नाही.

नोंदणीकृत प्रत वहिनींना मिळाली. पहिला ग्राहक तोवर निघून गेला होता, कारण त्याच्या बँकेला मूळ दस्तच हवा होता. संस्थेने अखेर क्षतिपूर्ती बंधपत्राचा मसुदा पाठवला, त्यात ‘कर्जदाराकडून गहाळ झालेले दस्त’ असे शब्द होते. ते खोडून घ्यायला आणखी सहा आठवडे लागले.