भीमजीचे कागद आणि आपले खिळे

गोव्याच्या माणसासमोर छपाईचा विषय काढा, तो पहिल्या वाक्यातच १५५६ साल सांगणार. भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात उतरला. खरे तर तो निघाला होता अबिसिनियाला, पण राहिला इथेच, सेंट पॉल कॉलेजात. १५५७ साली तिथून 'दौत्रिना क्रिस्तां' छापून निघाले. हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. आणि पाठ असते म्हणूनच बहुधा त्यापुढचा प्रश्न आपण विचारत नाही. मला तो सुरतेत पडला.

एलटीसी घेऊन गुजरात बघायला गेलो होतो. सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. माझ्या डोक्यात मात्र भीमजी पारेख हे नाव होते. आपल्याच प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी १९५८ साली भारतातल्या छपाईवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात हा माणूस भेटतो.

भीमजी हा ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेतला दलाल. नुसता पैसेवाला नव्हे. १६६९ साली काझीच्या जुलमाला कंटाळून सुमारे ८००० वाणी सुरत सोडून भडोचला निघून गेले, त्यांचा पुढारी हाच. बाजार ओस पडला, व्यापार थांबला आणि मगच समेट झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १६७० मध्ये, सुरतेच्या वखारीने लंडनला कळवले की भीमजीला एक चांगला मुद्रक हवा आहे. ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापायची त्याची इच्छा आहे. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला ५० पौंड पगारावर मुंबईत आला. यंत्र आले, कागद आला, इंग्रजी टाइपही आला. अडले ते अक्षरांपाशी. हिल्स छापणारा होता, खिळे पाडणारा नव्हता.

भीमजीने मग आपलीच माणसे कामाला लावली. त्यांनी बनिया अक्षरांत छापलेले काही कागद आपण पाहिले, ते छान वाचता येतात, असे वखारीनेच लिहून ठेवले आहे. त्यातला एकही कागद आज कुणाच्या हाती नाही.

तापीकाठी किल्ला आहे, महापालिकेने तो दुरुस्त करून त्यात संग्रहालय थाटले आहे. पण भीमजीच्या छापखान्याला भेट द्यायची तर द्यायची कुठे? चौक बाजारात हिंडताना एवढेच कळले की आपण एका इच्छेचे गाव बघायला आलो आहोत. धर्मग्रंथ सुरतेत छापले गेले, पण दीडशे वर्षांनी आणि दुसऱ्या धर्माचे. लंडन मिशनरी सोसायटीच्या स्किनर आणि फायवी यांनी इथे छापखाना चालवला आणि १८२० नंतरच्या तीन-चार वर्षांत गुजराती बायबल छापले. पुढे ते काम आयरिश मिशनकडे गेले.

आता गोव्याकडे वळू. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले. भाषा मराठी, ओव्या दहा हजारांवर, आणि लिपी रोमन. स्टीफन्सला ते खुपत होते. १६०८ मध्ये त्याने रोमला पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे मागितले होते. ते मिळाले नाहीत. गोव्यात तमिळ खिळे १५७७ मध्येच पाडले गेले होते, आपल्या अक्षरांचे काम मात्र तडीस गेले नाही. म्हणजे बघा, ज्या काळात गोव्यातला हिंदू पोथी लपवून ठेवत होता, त्या काळात पाद्री आणि सुरतेचा वाणी, दोघेही एकाच ठिकाणी अडले होते. पाद्र्याला आपले पुराण इथल्या अक्षरांत हवे होते, वाण्याला आपली पोथी. यंत्र बोटीतून आणता येते. अक्षर मात्र जागेवरच, त्या अक्षराची ओळख असलेल्या हातांनी घडवावे लागते. १८०५ साली मिरजेला गीता छापली गेली ती तांबटाच्या हातून, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून.

म्हणून मला वाटते, १५५६ चा अभिमान हा यंत्राचा अभिमान आहे. अक्षरांचा अभिमान धरायचा तर पुढे यायला हवे. १७५४ मध्ये पोर्तुगिजांनी गोव्यात छपाई बंद पाडली, १८२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. १९१२ पासून केप्याहून हेगडे देसाईंचा 'भारत' निघाला, सत्तेशी झगडत. त्यातली ओळ न् ओळ कुणीतरी उभ्याने, एकेक खिळा उचलून जुळवली होती. त्या जुळाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

आणि आपण केले काय? ऑफसेट आले, कॉम्प्युटर आले, आणि खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. आमच्या कचेरीचे फॉर्म जिथे छापून यायचे त्या छापखान्याची ट्रेडल मशीनही तशीच गेली. मालकाला दोष देत नाही. त्याला जागा हवी होती आणि ते लोखंड कुणी मागायला आले नव्हते.

कुणी म्हणेल, पुस्तके आहेत, ती स्कॅनही होतात, मग खिळे कशाला? पुस्तकात काय छापले ते दिसते, कसे छापले ते दिसत नाही. उलटी अक्षरे सरळ अक्षरांइतक्याच वेगाने वाचणारा म्हातारा जुळारी गेला की ती नजरही गेली. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक खोली पुरे. एक ट्रेडल, खिळ्यांच्या दोन-चार केस, आणि शाळेच्या पोरांना आपले नाव जुळवायला शिकवणारा एखादा निवृत्त जुळारी. हे काही कोटींचे काम नाही. फाइल मात्र कुणीतरी हलवायला हवी, आणि फाइल आपोआप हलत नाही हे माझ्याइतके कुणाला ठाऊक!

भीमजीचे कागद कुणी जपले नाहीत, म्हणून आज वखारीच्या पत्रातल्या दोन ओळींवर त्याची ओळख भागवावी लागते. आपले जुळारी तर अजून आपल्यात आहेत. तुमच्या गावात असा कुणी असेल तर त्याच्याकडे एकदा जाऊन बसा. तो सांगेल ते लिहून घ्या.