पठारे ओसाड नव्हेत

फोंडा तालुक्यातील कोडार येथे आयआयटीची कायम वास्तू उभारण्याचा बेत गोवा सरकारने २०२५ साली सोडून दिला. कोडारच्या ग्रामस्थांना त्यामुळे हायसे वाटले असेल, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या माघारीकडे केवळ एका गावाचा जय म्हणून पाहणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. काणकोणातील लोलये, सत्तरीतील शेळ-मेळावली, त्यानंतर सांगे आणि आता कोडार. एकाच संस्थेसाठी सरकार चार दारांशी गेले आणि चारही दारांतून रिकाम्या हातांनी परतले. सत्तारूढ पक्षाचे काही प्रवक्ते याचे खापर 'विकासविरोधी' मंडळींच्या डोक्यावर फोडतात. चार निरनिराळ्या तालुक्यांतील, निरनिराळ्या जातिजमातींच्या, एरवी एकमेकांच्या वाऱ्यासही न फिरकणाऱ्या गावकऱ्यांना एकापाठोपाठ एकच दुर्बुद्धी सुचली असे मानायचे, की मागणाऱ्याची रीतच कोठे तरी चुकत आहे असे मानायचे? सामान्य बुद्धीचा मनुष्य दुसराच पर्याय पत्करील.

ही रीत कोणती? सचिवालयात नकाशा पसरायचा. त्यावर घरे नाहीत, शेते नाहीत, असा एखादा मोठा पट्टा शोधायचा. तो सरकारी दप्तरी असला म्हणजे 'मोकळी, नापीक, पडीक जमीन' असा त्यावर शिक्का मारायचा. आणि मग गावाला कळवायचे की तुमचे भाग्य उघडले! या एका 'पडीक' शब्दाने गोमंतकाचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही सरकारी शब्दाने केले नसेल.

गोव्याच्या डोंगरमाथ्यावरील जांभ्याची पठारे, ज्यांना आपण सडा किंवा माळ म्हणतो, ती वैशाखात पाहणाऱ्याला खरोखरच उजाड दिसतात. काळवंडलेला कातळ, करपलेले गवत, कोठे करवंदीची जाळी. पण गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उतार तीव्र, समुद्र जवळ. असे असता हे सारे पाणी चार दिवसांत मांडवी-जुवारीतून अरबी समुद्रास का मिळत नाही? याचे उत्तर या 'उजाड' कातळातच आहे. जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या फटींतून व पोकळ्यांतून पावसाचे पाणी खाली झिरपते, खालच्या चिकण शेडीच्या थरावर अडते, आणि डोंगराच्या कुशीतून झरीच्या रूपाने सावकाश बाहेर पडते. या झरीवर कुळागरे जगतात. पोफळी, नारळ, केळी, मिरवेल, जायफळ अशी एकाच्या सावलीत दुसरे वाढणारी ही बागायत उन्हाळ्यातही हिरवी राहते, ती माळाने पावसाळ्यात प्यायलेल्या पाण्यावर. तेव्हा माळ हा गावाचा पाण्याचा हौद आहे, आणि त्याचे झाकण उघडे असावे लागते. त्यावर काँक्रीट ओतणे म्हणजे हौदाच्या तोंडावर शिळा ठेवणे होय.

याखेरीज माळावर गुरे चरतात आणि गावाच्या राखणदाराचे स्थान बहुधा माळाच्या कडेला असते. श्रावणात त्याच कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. यातील काहीही एक-चौदाच्या उताऱ्यावर लिहिलेले नसते. उताऱ्यावर असते ते फक्त क्षेत्रफळ आणि मालकाचे नाव. आणि नाव सरकारचे असले की बाकीचे सर्व शून्य.

ज्यांना हा प्रश्न आयआयटीपासून सुरू झाला असे वाटते, त्यांनी केरी गावच्या भूतखांब पठाराचा इतिहास आठवावा. फोंडा तालुक्यातील या पठारावर थापर-ड्यू पाँट कंपनीचा नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता. कारखान्याच्या सांडपाण्याने झरी व विहिरी नासतील ही आसपासच्या गावांची भीती होती, आणि कंपनीच्या आश्वासनांनी ती गेली नाही. लोक रस्त्यावर उतरले. १९९५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मृत्युमुखी पडला. त्यानंतर कंपनीने गोवा सोडला व तामिळनाडूची वाट धरली. एका तरुणाच्या रक्ताची किंमत देऊन राखलेल्या त्या माळाला तरी पुन्हा कोणी हात लावणार नाही, असे भाबड्या मनाला वाटले असेल. पण बारा वर्षे उलटतात न उलटतात, तोच त्याच भूतखांबावर औषधनिर्मितीचे विशेष आर्थिक क्षेत्र मांडले गेले! केरीच्या लोकांना पुन्हा तीच वाट तुडवावी लागली. सारा गोवा त्या वेळी पेटला होता. २००६ सालच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले होते आणि २००७ च्या प्रारंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला होता. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरणही सरकारने गुंडाळले. न्यायालयातील झगडा मात्र पुढे दहा वर्षे रेंगाळला, आणि २०१८ साली कंपन्यांचे पैसे परत करून जमिनी सोडवून घ्याव्या लागल्या. ज्या प्रश्नाचे उत्तर केरीची ग्रामसभा एका दुपारी देऊ शकली असती, ते मिळविण्यासाठी सरकारने दशकभर वकील झिजविले.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १९६७ च्या जनमत कौलात ज्या गोमंतकाचे विलीनीकरणाच्या प्रश्नावर उभे दोन तट पडले होते, त्याच गोमंतकातील सासष्टीचा ख्रिस्ती शेतकरी आणि पेडण्याचा हिंदू कष्टकरी २००६ साली जमिनीसाठी एका मैदानात उभा राहिला. भाषा व प्रदेश यांविषयीची आमची मते सर्वांना ठाऊक आहेत. ती आम्ही सोडलेली नाहीत. परंतु पायाखालची भूमीच हातची गेली, तर ती कोणत्या राज्यात असावी या वादाला तरी काय अर्थ उरणार?

आता शेळ-मेळावलीकडे वळू, कारण या सर्व प्रकरणांत तेथील प्रकरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. गुळेली पंचायतीतील या वाड्यांवर सुमारे १० लाख चौरस मीटर जमीन आयआयटीसाठी ठरविण्यात आली. सरकारचे म्हणणे एकच: जमीन सरकारी आहे. गावकऱ्यांचे म्हणणेही एकच: आमच्या आज्यापणज्यापासून आम्ही ती कसतो. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, आणि सत्तरीची खरी शोकांतिका येथेच आहे. नव्या काबिजादींतील या महालात मोकाशांचा आणि पुढे पोर्तुगीज राजवटीतील अल्वारा देणग्यांचा असा गुंता होऊन बसला आहे की, कसणाऱ्याच्या घामाला कागदावर कधी जागाच मिळाली नाही. करांच्या व जुलमाच्या जाचाने गांजलेल्या याच मुलखात १८५२ साली दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेऊन बंडाचे निशाण उभारले होते. पोर्तुगीज गेले. १९६४ चा कूळ कायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्वही मान्य झाले. पण ज्याचे नाव कूळ म्हणून कोठे लागलेच नाही, त्याला कूळ कायद्याचा काय उपयोग? त्याने काजू लावले, तरी दप्तराच्या दृष्टीने तो अतिक्रमकच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गोव्यात हजारो दावे दाखल झाले, आणि वर्षानुवर्षे ते कचेऱ्यांच्या फडताळांत पडून राहिले. १९९९ साली म्हादई अभयारण्य जाहीर झाले तेव्हाही सत्तरीकराच्या पोटात असाच गोळा उठला होता. जंगल राखायचे असो की शहर वसवायचे असो, दोन्ही वेळा 'तू येथे कोण?' हा प्रश्न त्यालाच विचारला जातो.

२०२१ च्या जानेवारीत मोजणी करण्यास अधिकारी आले, ते पोलिसांचा फौजफाटा घेऊन. जानेवारी म्हणजे काजूला मोहोर धरण्याचे दिवस. पुढच्या तीन-चार महिन्यांत बिया आणि बोंडू, आणि बोंडूपासून हुर्राक व फेणी, यांवर या घरांचे वर्ष चालते. (हुर्राकेवर अग्रलेखात लिहिणे काही सोवळ्या वाचकांना रुचणार नाही, पण ज्या पैशाने मुलाची शाळेची फी भरली जाते, तो पैसा कोठून येतो हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.) बायका रस्त्यावर आडव्या बसल्या. ६ जानेवारीला लाठीमार झाला, अश्रुधूर सोडण्यात आला, दगडफेक झाली. गावकरीही जखमी झाले आणि पोलिसही. दगडफेकीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु ज्या गावात शिक्षणाचे मंदिर उभारावयाचे, त्या गावात पहिले पाऊल पोलिसांच्या बुटाचे पडावे, हा कोणता शुभारंभ? नऊ दिवसांनी, १५ जानेवारीस, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी प्रकल्प तेथून हलविण्याची घोषणा केली. तत्पूर्वी त्या मतदारसंघाचे आमदार व मंत्री विश्वजित राणे यांनीही लोकांच्या बाजूने कौल दिला होता. जो निर्णय १५ तारखेस घेता आला, तो ५ तारखेस का घेता आला नाही?

मग गोव्याला आयआयटी नकोच काय? हा प्रश्न आम्हांस विचारला जाईल, आणि तो टाळण्याचा आमचा विचार नाही. आयआयटी अवश्य हवी. २०१६ पासून ही संस्था फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात उसन्या छपराखाली चालू झाली, आणि तिच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचे घर मिळण्याची आशा किती वर्षे धरायची, हाही प्रश्न रास्त आहे. गोव्याने शिक्षणाला जमीन नाकारली असे कोणी म्हणू शकणार नाही. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर उभे आहे, वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीच्या. पण अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या राज्यात प्रत्येक नव्या संस्थेला चौरस किलोमीटरभर सलग माळ लागतो, हे गृहीतक कोणी तपासले? उत्तर हिंदुस्थानातील मैदानी प्रदेशांत बसणारा मापदंड डोंगर, नदी व समुद्र यांच्या चिमटीत सापडलेल्या गोव्याला तसाच्या तसा लावणे हे शास्त्र नव्हे, आळस आहे. मजले चढविता येतात, आवारे विभागता येतात. औद्योगिक वसाहतींत उद्योगाच्या नावाने अडकवून ठेवलेले भूखंड परत घेता येतात. त्यासाठी धनिकांशी वाकडे घ्यावे लागते, हीच काय ती अडचण! मेळावलीच्या बायकांशी वाकडे घेणे सोपे वाटले. ते तसे ठरले नाही.

शिवाय लोकांची भीती संस्थेच्या कुंपणापाशी थांबत नाही. तिच्या मागून रस्ता रुंद होतो, रस्त्याच्या मागून दलाल येतो, आणि दलालाच्या मागून दिल्ली-मुंबईच्या धनवंतांचे बंगले. ही भीती काल्पनिक ठरविणे सरकारला शक्य नाही, कारण सरकारनेच तिला कायद्याचे रूप दिले आहे. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे कलम घालून आराखड्यातील 'चुका' दुरुस्त करण्याच्या मिषाने शेतजमिनी व बागायती एकेका मालकाच्या अर्जावर वसाहतीच्या क्षेत्रात घालण्याची सोय झाली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने त्याखालचे नियम रद्दबातल केले. पण तत्पूर्वीच, २०२४ साली, ३९-अ हे कलम आले, आणि एकेका भूखंडापुरता विभाग बदलण्याची दुसरी खिडकी उघडली. ज्या राज्यात आराखडा सर्वांसाठी आणि अपवाद ऐपतदारांसाठी, त्या राज्यात 'तुमच्या गावाचे भले होईल' या शब्दांवर कोणी विश्वास ठेवावा?

सरकारला आमचे सांगणे एवढेच आहे. पाचव्या गावाची निवड करण्यापूर्वी आपल्या ताब्यातील व महामंडळांच्या ताब्यातील वापराविना पडलेल्या सर्व जमिनींची यादी प्रसिद्ध करावी. कोणत्याही पठारावर मोजणीचा दगड रोवण्यापूर्वी त्या पठाराच्या पाण्याचा, म्हणजे झरी, विहिरी व कुळागरे यांचा, निदान एक पावसाळा व एक उन्हाळा अभ्यास करावा आणि तो मराठीत व कोंकणीत गावापुढे ठेवावा. पंचायत राज कायदा १९९४ पासून अमलात आहे. ग्रामसभेचा ठराव मोजणीनंतर नव्हे तर मोजणीपूर्वी घ्यावा, आणि तो विरुद्ध गेल्यास पोलिस बोलावू नयेत. सत्तरी, सांगे व काणकोण येथील वनहक्काचे आणि अल्वारा जमिनींचे दावे मुदत ठरवून निकालात काढावेत, व ज्याच्या आज्याने काजू लावला त्याचे नाव उताऱ्यावर चढवावे. यांपैकी शेवटचे काम आधी व्हावे, कारण ते व्हावयाचे आहे तोवर सत्तरीतील कोणत्याही माळाला 'सरकारी' म्हणण्याचा सरकारचा अधिकार कागदापुरताच आहे. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात किती दावे निकालात निघाले व किती पडून आहेत याचा तालुकावार तपशील सभागृहापुढे ठेवण्यास मुख्यमंत्र्यांना कसली अडचण आहे, ते त्यांनी सांगावे.