यंत्राबरोबर त्याच्या पॉवर सप्लायचाही सौदा करा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत साध्या यंत्रमागांच्या शेजारी आता रॅपियर माग आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीन उभ्या राहिल्या आहेत. नवे यंत्र घेताना आमचे कारखानदार बंधू त्याचा वेग विचारतात, पन्हा विचारतात, किंमत दहा वेळा घासतात. पण यंत्राच्या कार्डाला वीज पुरवणारा, विटेएवढ्या डबीतला पॉवर सप्लाय कोणता, हे कोणी विचारत नाही. तो बंद पडला की लाखो रुपयांचे यंत्र लोखंडाच्या ढिगासारखे उभे राहते.

अशा वेळी बाजारात एकच वाक्य ऐकू येते: जुने तेच टिकाऊ. हे कितपत खरे आहे, ते एकदा तपासून पाहिले पाहिजे.

साध्या मागात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. तीन फेजची मोटार, तिचा स्टार्टर, पट्टा आणि धोटा. आडवा धागा तुटला की माग थांबवण्याचे कामही लोखंडी काट्याने होते. मोटार जळली तर वायंडिंगवाला गल्लीतच सापडतो. जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लायही असाच सरळ होता: एक जड ट्रान्सफॉर्मर, काही डायोड, एक कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा एक भाग. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीरसुद्धा तो उघडून दोष शोधत असे.

नव्या पॉवर सप्लायला एसएमपीएस म्हणतात. तो 230 व्होल्टची वीज आधी सुमारे 325 व्होल्ट डीसी करतो. मग तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो आणि शेवटी कार्डाला लागणारे 5 किंवा 24 व्होल्ट देतो. म्हणून तो हलका असतो आणि वीज कमी खातो. जुन्या पद्धतीत बरीच वीज नुसती उष्णतेत जात असे, कधी कधी निम्मीसुद्धा. व्होल्टेज पडले की जुना सप्लाय डळमळायचा. चांगला एसएमपीएस 90 पासून 264 व्होल्टपर्यंत आपले काम करत राहतो. तेव्हा नवे तंत्र मुळातच कच्चे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मग ते आमच्या शेडमध्ये का टिकत नाही? माझ्या मते याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण उष्णता आणि रुई. सप्लायमधील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, हा या धंद्यातला ठोकताळा आहे. समजा, रुईने जाळी बुजलेल्या पेटीत उन्हाळ्यात 65 अंश तापमान झाले. 85 अंशांना 2000 तास चालेल असा कपॅसिटर तिथे सुमारे 8000 तास टिकेल. 105 अंशांना 2000 तासांचा असेल, तर 32,000 तास टिकेल. आमचे माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. शुक्रवारची सुट्टी सोडून वर्षाचे साडेसात हजार तास होतात. म्हणजे एक कपॅसिटर वर्षभरात संपतो आणि दुसरा चार वर्षे चालतो. किमतीत मात्र फरक थोड्या रुपयांचा असतो.

दुसरे कारण न्यूट्रल. न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली की 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास दाब येऊ शकतो. तीन फेजच्या मोटारीला न्यूट्रल लागत नाही, म्हणून साध्या मागाला त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारचा एसएमपीएस मात्र क्षणात जातो. उलट, एक फेज गेली आणि स्टार्टरचे संरक्षण नीट नसेल, तर जुनी मोटारही जळते. जुन्यालाही त्याचा शत्रू आहेच.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते विजेचे नसून व्यवहाराचे आहे. नवा सप्लाय जवळपास दुरुस्त होत नाही. नकाशा मिळत नाही, भागांवरचे नंबर खरवडलेले असतात आणि विक्रेता सांगतो, कार्डच बदला. कार्ड यायला आठवडा लागतो. तोवर बीम तसाच चढलेला राहतो. माग बराच वेळ थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो ताका सेकंड मालात जातो. व्यापाऱ्याची वायद्याची तारीख चुकते. पण खरा फटका विणकराला बसतो. त्याची मजुरी मीटरवर असते, आणि बंद मागावर मीटर निघत नाहीत.

म्हणून जुने की नवे, हा वाद मला निरुपयोगी वाटतो. बिघडलेली वस्तू किती तासांत आणि किती जवळ दुरुस्त होते, हाच आमच्यासाठी टिकाऊपणा आहे.

उपाय आवाक्यातले आहेत. सौदा करताना सप्लायचा नकाशा, एक जादा सप्लाय आणि 105 अंशांचे कपॅसिटर या गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. तोंडी वायदा पुरत नाही. अर्थिंग आणि न्यूट्रलचे जोड दर काही महिन्यांनी वायरमनकडून तपासून घ्यावेत. दाब वाढताच वीज तोडणारे साधन बसवावे. पेटीची रुई दर आठवड्याला, वीज बंद करून, काढावी. सप्लाय उघडण्याचे काम मात्र जाणकारानेच करावे, कारण स्विच बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट काही वेळ उरतात. त्या धक्क्याने जीव जाऊ शकतो.

एकाच जातीचे माग असलेल्या दहा कारखानदारांनी मिळून दोन जादा कार्डे ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च किरकोळ येईल. आणि आमची जी मुले आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून बाहेर पडतात, त्यांना परगावी नोकरी शोधायला लावण्यापेक्षा मागांच्या वस्तीतच कार्ड दुरुस्तीचे दुकान काढून द्यावे. वायंडिंगवाल्याला एके काळी याच गल्ल्यांनी उभे केले होते. कारखानदारांच्या पुढच्या बैठकीत भावाबरोबर हा विषयही निघावा, एवढीच विनंती.