‘पूर्ण व अंतिम’ सही

सहलीला जाण्यापूर्वी आपण सारेच हमीपत्र भरून देतो. ‘काही बरेवाईट झाल्यास कोणासही जबाबदार धरणार नाही’ हे वाक्य वाचून सही करणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. मीही न वाचताच करतो. पण गेल्या वर्षी आमच्या मोठेबाबांच्या एका सहीने मला या कागदांचा विचार करायला लावले.

या कागदांच्या जाती दोन. ‘तुझे नुकसान झाले तर मी भरून देईन’ ही क्षतिपूर्तीची हमी. ‘माझे तुझ्याकडे आता काही येणे नाही’ ही फारकत. १८७२ च्या करार कायद्यात पहिलीसाठी १२४ आणि १२५ ही कलमे आहेत. कलमांचा शब्दशः अर्थ धरला तर आधी नुकसान सोसा, मग दाद मागा, असे वाटते. १९४२ साली मुंबई उच्च न्यायालयात पारेलकर विरुद्ध मंत्री या खटल्यात प्रतिवादीने हाच बचाव घेतला. त्याच्या देण्यापोटी वादीने आपला भूखंड गहाण लिहून दिला होता. आणि प्रतिवादी म्हणे, तुमच्या पदरचे अजून गेलेच काय? न्यायमूर्ती छागलांनी हे मानले नाही. क्षतिपूर्तीचा सगळा कायदा या दोन कलमांत संपत नाही आणि देणे निश्चित झाल्यावर बुडेपर्यंत थांबायची गरज नाही, असा त्यांचा निर्णय. (तेव्हा आपला वर्धा जिल्हा मध्यप्रांतात होता, मुंबईचे न्यायालय आपले नव्हते. असो.)

फारकतीच्या बाबतीत मात्र न्यायालयाचा हात आखडतो. अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या १९९९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, विमा कंपनीच्या पावतीवर सही केली एवढ्यानेच हक्क बुडत नाही. पण फसवणूक, दडपण वा दिशाभूल झाल्याचे सही करणाऱ्याने दाखवून द्यावे. गिरणीला ते दाखवता आले नाही, ती हरली. पुढे २०१४ च्या एका निकालात तर नुसता जबरदस्तीचा आरोप पुरेसा नाही, असे न्यायालयाने बजावले.

गिरणीजवळ निदान वकील होता. मोठेबाबांचे किराणा दुकान जळाले. कर्जापायी विमा उतरवलेला होता. चार महिने खेटे घातल्यावर निम्म्याहून कमी रक्कम देऊ केली गेली आणि इंग्रजी पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून सही घेतली गेली. वर ‘फुल अँड फायनल’. ते घरी येऊन एवढेच म्हणाले, “सही तं केली ना बाप्पा, आता काय बोलाचं?”

दडपण कसले दाखवणार? कोणी दरडावले नव्हते. घाऊक व्यापाऱ्याची उधारी आणि बँकेचा हप्ता, एवढेच दडपण. तारखेसह लेखी हरकत लगेच नोंदवायची असते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असूनही.

माझे म्हणणे असे, की पुराव्याचे ओझे उलटे टाकावे. कागद ज्याने तयार केला, त्यानेच दाखवावे की तो समोरच्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला होता आणि ‘ही रक्कम नको’ म्हणण्याची त्याला खरोखर सोय होती. प्राध्यापक म्हणतील, मग कोणताच व्यवहार कधी मिटणार नाही. काही मिटणार नाहीत, हे मला कबूल आहे. मोठेबाबांचा तर त्या पावतीनंतरही मिटलेला नाही. बँकेचा हप्ता चालूच आहे.